मालवणच्या प्रवाळावरची जाळी काढायला निघालेल्या कोल्हापूरच्या डायव्हरसाठी

विहिरीत आणि पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या कोल्हापूरच्या पोरांना पाण्याची भीती कमीच. त्यात स्कूबाचा कोर्स झालेला असला आणि मालवण दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर असलं, की "एक शनिवार-रविवार जाऊन प्रवाळ साफ करून येऊ" असा बेत पटकन जमतो. बेत चांगलाच आहे, माणसं हवीच आहेत. पण तयारीशिवाय उतरलेला डायव्हर जाळ्याइतकंच नुकसान करतो. मालवणला दिसणारा पोरायटिस जातीचा गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. फिनच्या (पायात घालायच्या पंखाच्या) एका फटक्यात उडालेला चार सेंटीमीटरचा टवका भरून यायला चार वर्षं जातात, तेही मधल्या काळात त्यावर शेवाळ बसलं नाही तर.

आधी इथं काय करता येतं ते नीट समजून घ्या. प्रवाळाच्या फांद्या दोरीला टांगून वाढवायच्या आणि मग खडकावर लावायच्या, असे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. ती पद्धत फांद्या फुटणाऱ्या, भरभर वाढणाऱ्या प्रवाळासाठी आहे. मालवणच्या खडपांवर मुख्यतः गोळ्यासारखे वाढणारे, खडकाला पापुद्र्यासारखे चिकटून पसरणारे किंवा टर्बिनारियासारखे वाडग्याच्या आकाराचे प्रवाळ आहेत. पाणी गढूळ असतं आणि पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो. अशा ठिकाणी स्वयंसेवकाच्या हातून होणारं सर्वांत मोलाचं काम म्हणजे खडकात अडकलेली बेवारस जाळी, तंगूस (नायलॉनचा एकेरी, पारदर्शक धागा) आणि दोर काढणं, काय दिसलं त्याची नोंद करणं आणि प्रवाळावर नांगर पडू न देणं. लागवड हे शास्त्रज्ञांच्या पथकाचं काम, त्याबद्दल पुढे थोडं येईल.

विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेचं नाव ऐकून कुणाला मोह झाला असेल, तर तो आत्ताच बाजूला ठेवा. तिचा माथाच वीसेक मीटर खोल आहे, बोटीनं जायलाच कित्येक तास लागतात, आणि मदत लागली तर ती तेवढ्याच लांबून येते. शनिवार-रविवारच्या मोहिमेची ती जागा नव्हे.

परवानगी आणि माणसं

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुटून पडलेला, मेलेला तुकडासुद्धा उचलून पिशवीत टाकायचा नाही. जाळ्याला चिकटून वर आलेला तुकडाही नाही. म्हणून अभयारण्यात काम करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. अर्जात तारखा, जागा, डायव्हरची नावं आणि प्रमाणपत्रं, बोटीचा नोंदणी क्रमांक, काय काढणार आणि काढलेलं कुठे देणार हे सगळं लिहा. किमान महिनाभर आधी अर्ज द्या आणि स्थानिक डायव्हिंग केंद्राला सोबत घ्या.

मच्छीमारांकडे परवानगीच्याही आधी जायला हवं. जाळं कुठे अडकलं आहे ते त्यांनाच अचूक ठाऊक असतं, आणि खाली दिसणारं प्रत्येक जाळं बेवारस नसतं. आदल्या रात्री लावलेली कांडाळी (मासा कल्ल्यात अडकणारी जाळी) कापलीत, तर कुणाचं तरी हजारोंचं नुकसान होईल आणि पुढची दहा वर्षं त्या बंदरावर तुमच्यासारख्यांना कुणी बोट देणार नाही. मच्छीमार सोसायटीत बसून चहा घ्या, नकाशावर जागा मागून घ्या, "यातलं कुठलं चालू आहे?" असं सरळ विचारा. अडकलेलं कासव किंवा डॉल्फिन सोडवण्यासाठी मच्छीमारानं स्वतःचं जाळं कापलं, तर राज्य सरकारच्या योजनेतून त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, हेही बोलता बोलता सांगा. सगळ्यांना ते माहीत असतंच असं नाही.

कोल्हापुरातच करायचा सराव

नुसतं ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचं पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र या कामाला पुरत नाही. ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर हवं, समुद्रातल्या निदान २५-३० डाइव्ह हव्यात, आणि लिफ्ट बॅग (हवा भरून ओझं वर उचलायची पिशवी) हाताळणाऱ्यानं शोध आणि उचल या विषयाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं हवं. यापेक्षा कमी अनुभव असलेल्यांनी निराश होऊ नये. वाळूवरच्या बाटल्या आणि प्लास्टिक उचलणं, बोटीवर वर्गवारी करणं, नोंदी ठेवणं, याला माणसं नेहमीच कमी पडतात.

तलावावर महिनाभर, आठवड्याला एकदा सराव करा. दुधाच्या प्लास्टिक क्रेट घ्या, त्यांच्यावर जुनी मच्छरदाणी दोऱ्यानं आठ-दहा ठिकाणी बांधा आणि क्रेटच्या कडेला वाळू भरलेले प्लास्टिकचे पेले उभे ठेवा. दोघांनी मिळून मच्छरदाणी कापून काढायची, पेला पडता कामा नये. पेला पडला की प्रवाळ मोडला असं धरा. पहिल्या दिवशी सगळे पेले पडतात. चुका बहुतेक तीनच असतात. कापताना श्वास रोखला जातो, त्यानं शरीर वर उचललं जातं आणि ते सावरायला हात खाली टेकतो. कात्रीकडे पाहताना पाय खाली जातात. आणि मागे सरकायचं असतं तेव्हा लोक हातानं पाणी ढकलतात. उपाय असा: श्वास चालू ठेवून गुडघे वाकवलेले, फिन वर, अंग आडवं, बेडकासारखी लाथ, म्हणजे पाणी मागे जातं, खाली जात नाही, आणि उलट्या लाथेनं मागे सरकणं. ही उलटी लाथ जमायला वेळ लागतो. ती जमेपर्यंत जाळ्याजवळ जाऊ नये असं आमचं ठाम मत आहे.

शेवटच्या दोन सरावांत मास्क काळ्या कापडानं झाकून हे करा: उजव्या हातानं डाव्या खांद्यावरचं कटर काढा, डाव्या हातानं कमरेचं काढा, साथीदाराचा पर्यायी रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) शोधा.

वजनाचा हिशेब तलावावर जुळतो आणि मालवणला चुकतो. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. तुम्ही ८० किलो आणि साहित्य २५ किलो, म्हणजे १०५ किलोला समुद्रात साधारण अडीच किलो जास्त शिसं लागतं. तरी समुद्रात पहिल्या डाइव्हला वाळूवर तपासणी कराच: सिलिंडरमध्ये ५० बार दाब उरलेला असताना, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) रिकामं, श्वास नेहमीसारखा, पाणी डोळ्यांच्या पातळीवर यायला हवं. जास्तीचं वजन घालून "खाली बसायला बरं पडतं" म्हणणारे असतात. त्यांचे गुडघे प्रवाळावर असतात.

साहित्य

प्रत्येकाकडे कापायची दोन साधनं, दोन वेगळ्या ठिकाणी, कुठल्याही हातानं काढता येतील अशी. तंगूस कापायला खाचेत पातं असलेलं लाइन कटर उत्तम. जाडजूड दोर आणि नायलॉनची जाळी यांना अपघातग्रस्ताचे कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, जी शहरातल्या कुठल्याही सर्जिकल दुकानात मिळते. टोकदार सुरा नको. तो साथीदाराच्या नळीत, बीसीडीत किंवा मांडीत जातो. कात्र्या एका दिवसात गंजतात, म्हणून संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुऊन तेलाचा हात द्या. उद्यमनगरात शॅकल किंवा हुक बनवून घेणार असाल तर स्टेनलेस ३१६ प्रतीचंच सांगा. ३०४ प्रतीला समुद्रात खड्डे पडतात.

हातमोजे फक्त जाळं हाताळणाऱ्यानं घालावेत. मोजे घातले की माणूस नकळत खडक धरतो. त्यापलीकडे: जाळीच्या चार पिशव्या, २५ किलो क्षमतेच्या दोन लिफ्ट बॅग, प्रत्येक जोडीला एक सिग्नल बोया आणि रीळ, पाण्यात लिहायच्या पाट्या, मीटरची खूण केलेली दोरी. बोटीवर ऑक्सिजन हवाच. मास्कमधून मिनिटाला १५ लिटर द्यायचा तर ४०० लिटरचा छोटा सिलिंडर अर्ध्या तासात संपतो. कोविडच्या काळात सगळ्यांना ओळखीचा झालेला १,५०० लिटरचा बी टाइप तासाभराहून जास्त पुरतो. थर्मासमध्ये गरम पाणी न्या, कारण पुढे कळेल.

तारीख तिथीवरून ठरवा

मोसम ऑक्टोबर ते मे. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. पण महिना बरोबर आणि दिवस चुकीचा, असं पुष्कळदा होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा ओढ जोरात असतो, तळाचा गाळ उठतो आणि दोन मीटरवरचं दिसत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी आणि त्यानंतरच्या दोन-तीन तिथींना, ओढ कमी असतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे दशमी-एकादशीचा शनिवार-रविवार गाठला तर भांगही मिळतो आणि सकाळी भरती पूर्ण होतानाचं बाहेरून आलेलं स्वच्छ पाणीही मिळतं. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा, आणि शेवटचा शब्द तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचा. पाणी पाहून तो "आज नको" म्हणाला तर परत या.

पहिली डाइव्ह फक्त पाहणीची

पहिल्या डाइव्हला कात्री म्यानातच राहू द्या. जाळं कुठून कुठवर आहे, किती ठिकाणी अडकलं आहे, बोया आणि शिसं शिल्लक आहे का, आत जिवंत काय आहे, ओढ कुठल्या दिशेनं आहे, हे पाटीवर काढा. दोन्ही टोकांचे आणि मधले फोटो घ्या, शेजारी मीटरची दोरी ठेवून. वर येऊन चित्र काढा आणि जाळ्याचे मीटर-दीड मीटरचे भाग पाडून वाटून द्या. बोट वाळूवर नांगरा किंवा कायमच्या बोयाला बांधा. दोन्ही शक्य नसेल तर बोट वर फिरती ठेवा. प्रवाळ वाचवायला येऊन त्याच्यावरच नांगर टाकल्याचे प्रकार होतात.

हवेचा हिशेब इथंच मांडा. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार म्हणजे २,२०० लिटर. ५० बारचे ५५० राखीव. उरले १,६५०. आठ मीटरवर दाब १.८ बार, आणि काम करणारा माणूस पृष्ठभागाच्या हिशेबानं मिनिटाला २५ लिटर ओढतो, म्हणजे खाली ४५. हाती आली ३६ मिनिटं. नवख्याचा खर्च ३० लिटर धरला तर तीसच. फिरताना ५० मिनिटं पुरणारा सिलिंडर कामाला पुरत नाही. १०० बारला नवीन काप सुरू करायचं बंद, ७० ला वर निघायचं.

कापायचं कसं

एका जाळ्यावर तिघे: एक कापणारा, एक सुटलेलं धरून गुंडाळणारा, एक थोडा मागे राहून दोघांकडे आणि घड्याळाकडे पाहणारा. तिसऱ्यानं कामात हात घालायचा नाही, जाळ्यात पाय अडकलेला सर्वांत आधी त्यालाच दिसतो.

ओढ ज्या बाजूनं येतो त्या बाजूला राहा, म्हणजे सुटलेलं जाळं तुमच्यापासून दूर फडफडतं. उलट बाजूला राहिलात तर ते अंगावर येतं. आधी बोया काढून पिशवीत टाका, शिसं शेवटी. हा क्रम उलटा केला की बोयांमुळे जाळं एकदम वर उसळतं आणि ज्याचं बटण किंवा बकल त्यात अडकलेलं असेल त्याला घेऊन जातं.

जाळं कधीही ओढू नका. वर दोन मीटर सैल दिसत असलं तरी खाली ते कुठल्या तरी प्रवाळाच्या खोबणीत रुतलेलं असतं, आणि ओढलं की तो प्रवाळ उपटून येतो. अडकलेल्या प्रत्येक जागेपाशी जाऊन दोन्ही बाजूंनी कापा, मग तुकडा हलक्या हातानं सोडवा. सुटलेला भाग लगेच गुंडाळून पिशवीत टाका; सैल तुकडा शेजारच्या खडकावर पुन्हा बसतो. तंगूस बोटाभोवती न गुंडाळता रिकाम्या बाटलीवर गुंडाळा.

काही जाळी इतकी जुनी असतात की प्रवाळ त्यांच्यावरून वाढून गेलेला असतो. ती काढायची नाहीत. बाहेर लोंबणारा भाग खडकालगत कापा, आत गेलेला तसाच ठेवा. अर्धवट काम केल्यासारखं वाटेल, हात शिवशिवतील, पण त्या प्रवाळासाठी तेच बरं. तसंच स्पंज, समुद्रपंखे ज्या जुन्या दोरावर बसलेत तो दोर, आणि आत ऑक्टोपस किंवा मासा राहायला आलेली बाटली, यांनाही हात लावू नका.

जाळ्यात जिवंत खेकडा, शेवंड, मासा असेल तर त्याच्याभोवतीचे धागे आधी कापून तो खालीच सोडा. कासव असेल तर सगळं सोडून त्याला आधी श्वासासाठी वर न्या, जाळ्याच्या तुकड्यासकट, आणि वनखात्याला लगेच कळवा. बोटीवर गाठोडं आलं की पुन्हा एकदा उलगडून पाहा, लहान खेकडे आत हमखास सापडतात.

वर उचलताना

नायलॉन पाण्याहून थोडंच जड असतं. म्हणून गाठोडं खाली हलकं वाटतं आणि बोटीच्या कडेवर तेच चिखल, शंख, शिसं आणि पाण्यासकट दोघांना उचलत नाही. सहा-सात किलोच्या पुढचं काहीही बीसीडीत हवा भरून वर नेऊ नका. हातातून सुटलं की तुम्ही बुचासारखे वर जाता. लिफ्ट बॅग वापरा.

एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते. पण आठ मीटरवर भरलेली पाच लिटर हवा वर पोचेपर्यंत नऊ लिटर होते. म्हणून गाठोडं जेमतेम जागचं हलेल इतकीच हवा थोडी थोडी भरा, प्रत्येक वेळी थांबा. चिखलात रुतलेलं असेल तर ते अचानक सुटतं, त्यामुळे आणखी हवा भरण्याआधी हलवून सैल करा. बॅगेची दोरी अंगाला, मनगटाला किंवा बीसीडीला कधीही बांधायची नाही. तिच्या खाली कुणी राहायचं नाही. बोट बाजूला आहे याची खूण मिळाल्यावरच सोडायची.

अडकलात तर

थांबा. वळू नका, वळलं की जाळं सिलिंडरच्या व्हॉल्व्हभोवती आणखी आवळतं. श्वास सावकाश, हातानं खूण, साथीदार मागून कापेल. तो पोचेपर्यंत जे दिसतंय तेवढंच स्वतः कापा. न दिसता मानेमागे कात्री चालवली तर रेग्युलेटरची नळी कापली जाते.

लायनफिशचा किंवा दगडमाशाचा काटा लागला तर वेदना भयंकर असते आणि थर्मासचा उपयोग तिथं होतो. जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, धडधाकट हातानं तपासा, कारण जखमी हाताला चटका कळत नाही. त्यानंतर डॉक्टर. समुद्रसाळूचे काटे खोल गेले असतील तर बोटीवर कोरत बसू नका.

तुटलेला आणि पांढरा पडलेला प्रवाळ

पांढरा पडलेला प्रवाळ मेलेलाच असतो असं नाही. पाणी तापलं की तो आतलं शेवाळ टाकतो, पाणी निवलं तर पुन्हा रंग येतो. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळांचं चौथं मोठं विरंजन (पांढरं पडणं) जाहीर झालं, तेव्हापासून अशा नोंदींना फार किंमत आहे. हात न लावता फोटो, जागा, खोली, तापमान टिपून वनखात्याला द्या.

उलटा पडलेला जिवंत तुकडा दिसला तर मात्र जीव तुटतो. तरीही परवानगीत ते काम नसेल तर फक्त नोंद करा. शास्त्रज्ञांच्या पथकासोबत गेलात, तर तुमच्या वाट्याला बहुधा ही कामं येतील: तारेच्या ब्रशानं खडकावरचं शेवाळ आणि गाळ पार स्वच्छ करणं, दोन भागांची इपॉक्सी एकसारखा रंग येईपर्यंत मळणं, तुकडा बसवताना धरून ठेवणं, क्रमांकाची पट्टी लावणं. चिकटलेले तुकडे निघतात ते बहुतेक साफसफाईतल्या आळसानं. शेवाळाच्या थरावर इपॉक्सी धरत नाही. तुकडे न्यायचे ते समुद्राच्याच पाण्यात, सावलीत.

किनाऱ्यावर आणि परतीला

काढलेलं जाळं ताणून मोजा: लांबी, रुंदी, आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) आकार, तंगूस की विणलेला धागा, ओलं वजन आणि वाळल्यावरचं वजन. शिसं वेगळं करून मच्छीमारांना द्या, ते वापरतात. नायलॉन आणि पॉलिथिन वेगळं ठेवा. नायलॉन बुडतं, पॉलिथिनचा दोर तरंगतो, एवढ्यावरून ओळखता येतं. पुनर्वापरासाठी कोण घेणार हे निघण्यापूर्वीच ठरलेलं हवं, नाहीतर ढीग बंदरावर पडून पहिल्या पावसात परत समुद्रात जातो. जाळायचं तर अजिबात नाही.

आणि कोल्हापूरकरांनी सर्वांत जास्त दुर्लक्ष केलेली गोष्ट: घाट. मालवण समुद्रसपाटीवर, कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि फोंडा किंवा गगनबावड्यानं आलात तरी घाटमाथा साधारण त्याहून उंचच. दुपारी शेवटची डाइव्ह करून संध्याकाळी गाडी घाटात घातली, की कमी दाबात रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. एका डाइव्हनंतर १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग दिवसांनंतर १८ तास, हा विमानप्रवासाचा नियम घाटालाही लावा. म्हणजे रविवारी सकाळी डाइव्ह केलीत तर सोमवारची सुट्टी आधीच टाका. ते जमत नसेल तर शनिवारी काम उरका, रविवारी सकाळी वर्गवारी आणि मोजमाप करा आणि दुपारनंतर निघा. घाटात सांधे दुखायला लागले, मुंग्या आल्या, कातडीवर चट्टे उठले तर "दमलोय" म्हणून झोपायचं नाही. ऑक्सिजन चालू करा, गाडी खाली वळवा आणि डायव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरांना फोन करा. प्रेशर चेंबर कुठे चालू आहे, तिथं रात्री कोण असतं, हे निघण्यापूर्वी फोन करून कागदावर लिहून गाडीत ठेवलेलं असावं.

त्याच जागी मे महिना संपायच्या आत एकदा परत जा, फक्त पाहायला, त्याच कोनातून फोटो काढायला. सुटलेले तुकडे तेव्हा दिसतात. १ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते आणि मग ऑक्टोबरपर्यंत खाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.